परळचा मतदारसंघ कुठे गेला?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढे एका मतदारसंघाची हकिगत सांगायला उभे आहोत. तुम्ही म्हणाल, हकिगत राजाची असते, लढाईची असते, फार तर संपाची असते. मतदारसंघाची कसली हकिगत? मतदारसंघ म्हणजे कुणा साहेबाने नकाशावर ओढलेली रेघ. पण बंधूंनो, त्या रेघेच्या आत कोण राहतो आणि बाहेर कोण पडतो, यावर सरकारदरबारी कुणाचा शब्द चालायचा ते ठरतं. म्हणून ही हकिगत तुमची आहे.

आपल्या मुंबईत परळ नावाचा विधानसभेचा मतदारसंघ होता. २००४ सालच्या निवडणुकीपर्यंत तो होता. २००९ साली मतदार केंद्रावर गेले तेव्हा ते नाव नव्हतं. परळ स्टेशन जागेवर आहे, के. ई. एम. इस्पितळ जागेवर आहे, लालबागचा बाजार जागेवर आहे. मतदारसंघ तेवढा नाही. तो कुणी नेला? चोरीला गेला, की आपणच हरवला? याचा छडा आज लावायचा आहे.

कोटाबाहेरचं उपनगर

आज परळ मुंबईच्या मधोमध वाटतं. पण एके काळी मुंबई म्हणजे कोट आणि त्याच्या आसपासची वस्ती. परळ हे गावाबाहेरचं उपनगर. हवा चांगली, झाडी दाट, म्हणून गव्हर्नरसाहेबांचा वाडा परळला होता. मग १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली, आणि दोन वर्षांत गिरणीचं चाक फिरलं. त्यामागून गिरण्या वाढत वाढत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळीपर्यंत आल्या. चिमण्यांचा धूर आला, तसे गव्हर्नरसाहेब मलबार हिलला गेले. त्यांच्या जुन्या वाड्यात १८९९ साली हाफकिनसाहेबांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली.

साहेब गेले आणि आपण आलो. रत्नागिरीहून आलो, साताऱ्याहून आलो, घाटावरून आलो, कोकणातून आलो. एका खोलीत पाळीपाळीने झोपलो. खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवलो. साहेबाचं उपनगर होतं त्याचं गिरणगाव आपण केलं. त्या वेळी हे कुणी आपल्याला विचारून केलं नाही आणि आपलं मत कुणी घेतलं नाही. मत होतंच कुठे?

हात होते, मत नव्हतं

हा मुद्दा नीट ध्यानात घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन सरकारकडे अर्ज केला. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली आणि आठवड्याची सुट्टी मिळाली. ती कुणा आमदाराने दिली नाही. आमदार नव्हताच. ती मैदानावर जमलेल्या माणसांनी मिळवली.

१९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं पडली, तरी भोंगा वाजला नाही. एवढी ताकद होती या भागात. पण कायदेमंडळात या लाखभर माणसांचा एक प्रतिनिधी नव्हता. पुढे १९२१ पासून नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत होते. माणूस सोन्यासारखा, आयुष्य कामगारांसाठी वेचलं. पण तेसुद्धा सरकारने नेमलेले सभासद. तुम्ही-आम्ही निवडलेले नव्हेत. आपल्या बाजूने बोलायला कुणाला बसवायचं, हेही दुसऱ्यानेच ठरवायचं, असा तो काळ.

भायखळा आणि परळ : १९३७

पहिल्यांदा या भागाचं नाव मतदारसंघाच्या कपाळावर ठळकपणे लागलं ते १९३७ साली. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई विधानसभेच्या १७५ जागांची निवडणूक झाली. मत सगळ्यांना नव्हतं. कर, घरभाडं, शिक्षण अशा अटी होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात शंभरातल्या साधारण चौदा माणसांना मत होतं, उरलेले शहाऐंशी बघे. तरीसुद्धा भायखळा आणि परळ या मतदारसंघात काय घडलं पाहा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. नावातच मजूर. ते इथल्या राखीव जागेसाठी उभे राहिले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले पी. बाळू, म्हणजे पळवणकर बाळू. कोण हे बाळू? ज्यांच्या फिरकीपुढे इंग्लंडमध्ये गोऱ्यांनी मान तुकवली तो आपला चर्मकार समाजातला खेळाडू. दोन्ही माणसं मोठी, दोन्ही तळातून वर आलेली. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

निवडून गेल्यावर काय केलं, हे महत्त्वाचं. १९३८ साली सरकारने औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. संपावर बंधनं घालायची, नियम मोडून संप केला तर शिक्षा करायची, असं ते बिल होतं. बाबासाहेब विधानसभेत त्या बिलाविरुद्ध उभे राहिले. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आत भाषण, बाहेर संप. बिल तरीही पास झालं, ते आम्ही लपवत नाही. पण परळचा आमदार काय असतो, ते त्या दिवशी गिरणगावाला कळलं. आमदार म्हणजे तुमचा आवाज आत नेणारा माणूस. नळाला पाणी नाही म्हणून चिठ्ठी देणारा कारकून नव्हे.

राज्यच नसेल तर आमदार कुठला?

स्वातंत्र्य आलं. १९५१-५२ साली पहिल्यांदा एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि बाप्याला मत मिळालं. साचेवाल्याला एक मत, आणि गिरणीच्या मालकालाही एकच मत. हा केवढा मोठा दिवस होता, ते आज आपण विसरलो.

मत मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र झालं नाही. त्याच पहिल्या निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या लोकसभा मतदारसंघात बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. ज्यांनी घटना लिहिली ते पडले. मतपेटीला कृतज्ञता नसते बंधूंनो, तिला फक्त मोजणी कळते.

मग आला १९५६ चा जानेवारी. पंतप्रधानांनी १६ तारखेला रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील. गिरणगाव पेटलं. रस्त्यावर गोळ्या झाल्या. त्या सगळ्या चळवळीत शंभराहून अधिक माणसं गेली. पुष्कळांना वाटतं की हे भांडण फक्त भाषेचं होतं, अभिमानाचं होतं. अभिमानाचं होतंच. पण त्यात रोकडा हिशेबही होता. तो हिशेब दिल्लीकडे बघा म्हणजे कळेल.

दिल्लीला १९५२ साली विधानसभा मिळाली होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, दिल्ली केंद्रशासित झाली आणि तिची विधानसभा गेली. ती परत यायला १९९३ साल उजाडलं. सदतीस वर्षं! मुंबई केंद्रशासित झाली असती तर आपली गतही याहून वेगळी होण्याचं कारण नव्हतं. मग कुठला परळ मतदारसंघ आणि कुठला परळचा आमदार? संप झाला, गोळीबार झाला, घरभाडं वाढलं, तर जाब विचारायला दिल्लीची गाडी पकडावी लागली असती. राज्य मिळवणं म्हणजे मतदारसंघ वाचवणं होतं. गिरणी कामगाराने जीव दिला तो नुसत्या नकाशाच्या रंगासाठी दिला नाही. आपल्या दाराशी आपला आमदार असावा, यासाठीही दिला.

त्याचं उत्तर १९५७ साली मतपेटीतून आलं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या लोकसभा मतदारसंघातून कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने असे दोघे निवडून गेले. शेजारच्या दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत गेले. लाल बावटा, निळा बावटा आणि समाजवादी एका मांडवाखाली आले, तेव्हा भल्याभल्यांचे डाव उलटले. आणि १ मे १९६० ला, कामगार दिनालाच, महाराष्ट्र राज्य आलं.

१,६७९ मतं

आता आम्ही जे सांगणार आहोत ते ऐकायला कडू आहे. पण हकिगत सांगायची तर कडू घास टाळून चालत नाही.

१९६७ साली परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई विधानसभेवर निवडून आले. त्याआधी ते नगरसेवक होते. याच चाळींतला, रात्री हाक मारली तर खाली उतरणारा माणूस. ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला. मतदारांनी निवडून दिलेला आमदार सुऱ्याने मारला जातो, हे स्वतंत्र मुंबईने पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिकांना ३१,५९२ मतं, सरोजिनीताईंना २९,९१३. फरक १,६७९. शिवसेनेचा पहिला आमदार परळने दिला.

या निकालावर पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगायला आम्ही आज आलेलो नाही. तुमच्यात दोन्हीकडची माणसं बसली आहेत, हे आम्हाला दिसतं आहे. आम्ही फक्त आकड्याकडे बोट दाखवतो. १,६७९ म्हणजे किती? एका मोठ्या गिरणीची एक पाळी सुटली म्हणजे फाटकातून जेवढी माणसं बाहेर पडत, साधारण तेवढी. एकाच चाळीत वरचा मजला इकडे आणि खालचा मजला तिकडे, अशी ती निवडणूक झाली. १९५७ साली जो मांडव एक होता तो दुभंगला. मांडवात फूट पडली की वाढपी आपल्या पानात काय वाढतो, ते पुढच्या काळात दिसलं.

माणसं गेली, मागून रेघ गेली

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर सगळ्या देशात काँग्रेसची लाट होती, त्या लाटेतही गिरणगावाने डॉक्टरांना मुंबई दक्षिण-मध्यमधून अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. मत ठणठणीत होतं. पण गिरण्या थंड पडत होत्या. संप मागे घेतला असं कुणी जाहीर केलं नाही. तो विझत गेला, आणि माणसं विखुरली. कुणी गावाला गेलं. कुणी खोली विकून भांडुपला, दिव्याला, विरारला गेलं.

मग १९९१ साली गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम झाला: तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा घरांना, तिसरा मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला. आता वाटणी होणार ती फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं होतं ती जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. चिमण्या पडल्या आणि टॉवर उठले.

आता मतदारसंघाकडे या. १९७१ च्या जनगणनेत मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३० लाख ७० हजार माणसं होती. उपनगरांत २९ लाख. जवळजवळ सारखी. म्हणून शहराला १७ आमदार आणि उपनगरांना १७ आमदार. वाटणी बरोबर होती. त्यानंतर १९७६ साली घटनादुरुस्ती करून आकडे गोठवले. माणसं हलत राहिली, रेघ जागेवर राहिली.

२००१ साली शिरगणती झाली तेव्हा शहरात ३३ लाख आणि उपनगरांत ८६ लाख माणसं निघाली. आमदार मात्र सतरा आणि सतराच. म्हणजे शहरातल्या सुमारे दोन लाख माणसांमागे एक आमदार, आणि उपनगरातल्या पाच लाखांमागे एक. भांडुपच्या कामगाराचं मत मलबार हिलच्या मताच्या निम्म्याहून कमी किमतीचं! नवीन आखणी झाली, २००८ साली जाहीर झाली. शहराच्या जागा सतरावरून दहा केल्या, उपनगरांच्या सतरावरून सव्वीस. आता दोन्हीकडे साधारण तेहतीस-चौतीस हजार दशक, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर माणसांमागे एक आमदार. परळ हे नाव त्यात पुसलं गेलं. लालबाग, परळ, काळाचौकी हा भाग शिवडी मतदारसंघात आला.

तेव्हा परळचा मतदारसंघ कुणी नेला? आम्ही दिल्लीच्या आयोगाला शिव्या देणार नाही. त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. मताची किंमत सारखी असावी, हे तत्त्व आपलंच आहे. अन्याय रेघेने केला नाही. अन्याय रेघेच्या आधी झाला. गिरणी बंद पडली तेव्हा झाला. घर न देता माणूस उठवला तेव्हा झाला. माणसं गेली, आणि मोजणारा मागून येऊन म्हणाला, इथे आता कमी लोक राहतात. त्याने फक्त जे झालं ते कागदावर उतरवलं.

२०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती आणखी घटून ३० लाख ८५ हजारांवर आली. उपनगरं ९३ लाखांवर गेली. आणि आता घरांच्या नावाखाली आपल्याला आणखी लांब ढकलण्याचा बेत आहे. २०२४ साली शासनाने गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणीकडच्या घरांचं ठरवलं. शेलू कर्जत तालुक्यात, वांगणी त्याच्या अलीकडे. घर कुणाला नको? पण एक गोष्ट पक्की समजून चला. माणूस शेलूला गेला की त्याचं मतही शेलूला गेलं. ज्या जमिनीवर त्याने आयुष्य काढलं, त्या जमिनीबद्दल बोलणारा आमदार निवडायचा त्याचा हक्क संपला. मुंबईत घर द्या, ही मागणी म्हणून नुसत्या चार भिंतींची नाही. ती मताचीही मागणी आहे.

आता करायचं काय?

रडगाणं गाऊन सभा संपवायची आमची रीत नाही. चार गोष्टी सांगतो, गाठीला बांधा.

पहिली. मतदारसंघ जमिनीचा नसतो, माणसांचा असतो. शहरातून सात जागा कमी झाल्या, उपनगरांत नऊ वाढल्या. त्या वाढल्या त्या तुमच्यासारख्या तिकडे गेलेल्या माणसांमुळे. भांडुप, विक्रोळी, दहिसर, जिथे असाल तिथे तुमचं मत पडतं आणि मोजलं जातं. तिथे तुम्ही विखुरलेले आहात एवढंच. एका वस्तीतले गिरणी कामगार आणि त्यांची मुलं एकमेकांना ओळखत नसतील, तर मत असून नसल्यासारखं.

दुसरी. नाव यादीत आहे का, ते निवडणुकीच्या आदल्या दिवशी बघू नका. आज बघा. कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असतं. आणि नुसती खोली नावावर आहे म्हणून तिथलं मत मिळत नाही. राहता कुठे, ते पाहतात. नवीन नावाला सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलला तर आठ नंबरचा. मुलगा-मुलगी अठराचे झाले की पहिला फॉर्म हा भरा. चाळ पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलात, तर नाव गळायला वेळ लागत नाही. चाळकमिटीने हे काम अंगावर घ्यावं.

तिसरी. नवीन आखणी कधीतरी येणारच आहे. २००२ च्या सुमारास झालेल्या घटनादुरुस्तीने ठरवलं की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांचे आकडे तसेच राहतील, आणि २०२७ च्या जनगणनेची घोषणा २०२५ साली झाली. मोजायला माणूस दारात येईल तेव्हा घरातलं एकही माणूस सुटता कामा नये. पोटमाळ्यावर झोपणारासुद्धा मोजला गेला पाहिजे. मागच्या आखणीच्या वेळी आयोगाने आधी कच्चा मसुदा छापला, हरकती मागवल्या आणि जाहीर बैठका घेतल्या. आखणी एकदा पक्की झाली की तिच्याविरुद्ध कोर्टात दाद मागणं फार अवघड, घटनेनेच ते दार बहुतांशी बंद केलं आहे. तेव्हा ओरडायचं ते मसुद्याच्या वेळी. लग्न लागल्यावर अक्षता घेऊन धावण्यात अर्थ नाही.

चौथी, आणि ही सगळ्यांत मोठी. १९५७ आणि १९७० या दोन सालांची आठवण ठेवा. मतं तीच होती, चाळी त्याच होत्या, माणसंही बहुतेक तीच. एकदा एका मांडवाखाली होती, एकदा नव्हती. तुमचा पक्ष कुठलाही असो, झेंडा कुठलाही असो, घराच्या आणि मताच्या प्रश्नावर गिरणी कामगार एका बाजूला दिसला पाहिजे.

बंधूंनो, ज्या परळमध्ये एके काळी गव्हर्नर राहत होता, ते परळ आपल्या आज्या-पणज्यांनी हातांनी कामगारांचं केलं. तेव्हा त्यांच्याकडे मत नव्हतं. आपल्याकडे मत आहे. नकाशावरून परळचं नाव पुसलं म्हणून परळची माणसं पुसली गेली नाहीत. ती आज या मैदानात बसली आहेत, आणि सभा संपल्यावर कुणी बदलापूरची गाडी पकडणार आहे, कुणी विरारची. जिथे उतराल तिथे आधी यादीत नाव बघा. तिथून परळ पुन्हा सुरू होईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!